थांबकाकांचा लाल दिवा

पाहुणा जिना उतरून गेला तरी थांबकाका दार लावत नसत. कडीला हात लावून तसेच उभे राहायचे. "छत्री विसरलो असात, परत येयत," म्हणायचे. भांडुपच्या आमच्या इमारतीत त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं आठवत नाही, आणि मी तर त्यांची समोरच्या दाराची शेजारीण.

गॅलरीतल्या टेबलावर ते भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करत. त्यात एक आयसी, म्हणजे नखाएवढी चिप, हौसेने बसवायचे. माइकवर आवाज आला की ती अ‍ॅम्प्लिफायर चालू करते, आवाज थांबला की मात्र थोडी वाट पाहूनच बंद करते. ही वाट काका मुद्दाम लांबवून ठेवत. "बुवा पाणी पिऊक थांबलो, तर लगेच गळो आवळूचो काय तेचो?" मंडळातले लोक हसायचे. मीही हसायचे.

मग काकी आजारी पडल्या. तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई. अंगातलं बळ गेलं तसा आवाजही जायला लागला. यातून उठणं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. काकांनी खाटेला माइक बांधला, मध्ये तीच आयसी बसवली, गॅलरीत स्पीकर ठेवला, त्यावर लाल दिवा. काकींनी हाक मारली की दिवा लागणार.

"माझा बोलणा ऐकूक तुमका आता मशीन व्हया?" काकी म्हणाल्या, आणि दिवा लागला. काका किती खूश झाले!

आवाज खोल जात राहिला आणि काका स्क्रू पिळून त्या आयसीचे कान तिखट करत राहिले. शेवटी कुकरची शिट्टी, कावळा, पंख्याची घरघर, कशानेही दिवा लागू लागला. दर वेळी हातातलं काम टाकून काका आत धावायचे. काकी झोपलेल्या असायच्या.

"काका, खोटा दिवा आहे हो," एकदा मी चिडून म्हणाले.

"खोटो लागलो तरी चलात. खरो चुकाक नको."

मला त्यांचा राग यायचा, आणि घरी आल्यावर रडू यायचं.

एका दुपारी डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि मान हलवली. काकांनी गॅलरीकडे बोट दाखवलं. "दिवो पेटलेलो आसा. पंखो बंद करा. कोण रडू नकात."

आम्ही शेजारणींनी पंखा बंद केला, तोंडात पदर कोंबले. तरी एकीला हुंदका आवरला नाही. काकांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. पुन्हा सगळे गप्प उभे. अखेर टक् झालं आणि दिवा विझला.

"गो," काकांनी काकींना हाक मारली.

दिवा लागला. त्यांच्याच आवाजाने. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते उठून गॅलरीत गेले.

"थांबा, काका," मी म्हणाले. तोवर त्यांनी प्लगची पिन उपटली होती.