आठ म्हणेपर्यंत गुडघ्यावर

ही हकीकत लिहावी की नाही, यावर मी बरीच वर्षं घोळ घातला. मी काही मोठा साधक वगैरे नाही. शनिवारी मारुतीला तेल वाहायचं आणि रविवारी सिनेमाला जायचं, एवढीच माझी साधना. शिवाय ज्याच्या डोक्यावर ठोसे बसलेत त्याला काय वाटलं नि कसला वास आला, यावर शहाण्या माणसानं विश्वास का ठेवावा, असं कुणी विचारलं तर माझ्यापाशी उत्तर नाही. माझाही विश्वास काही दिवस बसतो, काही दिवस उठतो. तेव्हा जे घडलं ते घडलं तसं सांगतो, बाकी वाचणाऱ्यावर सोडतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी कांजूरच्या एका कारखान्यात फिटर होतो, मुलुंडला आईबरोबर दोन खोल्यांत राहत होतो आणि कामावरून सुटलो की घाटकोपरला टेकडीखालच्या व्यायामशाळेत बॉक्सिंग शिकायला जात होतो. शिकवणारे हवालदार काका मूळचे मालवणकडचे, सैन्यातून निवृत्त होऊन आलेले. त्यांची शिकवण जगावेगळी होती. ठोसा कसा मारावा हे ते पहिल्या महिन्यात उरकत; पुढचं सगळं वर्ष, आपल्याला लागल्यावर काय करायचं यातच जाई. लागलं की चिडायचं नाही आणि उलटा मार द्यायला धावायचं तर मुळीच नाही. हनुवटी छातीशी, हात वर, आणि मारणाऱ्यालाच घट्ट मिठी मारायची. पायातलं बळच गेलं तर सरळ एक गुडघा टेकायचा आणि रेफरी आठ म्हणेपर्यंत उठायचं नाही. दहाला हार होते. आठापर्यंतचा वेळ आपल्या हक्काचा. "खाली बसलो म्हणान कोण मेलो नाय," काका म्हणत. "मरतत ते घाईत उठणारे."

हे ते उगाच म्हणत नसत. त्यांचा एक जुना शिष्य वाकोल्याला राहत होता, तिथे ते मला एकदा मुद्दाम घेऊन गेले. हा मुलगा एका लढतीत पडला आणि तीन म्हणायच्या आत उसळून उठला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांतच दुसरा ठोसा कानशिलावर बसला. आम्ही गेलो तेव्हा तो उंबऱ्यावर बसला होता. अंगानं धडधाकट, भांग नीट पाडलेला. उजवी मूठ सारखी मिटत होता, उघडत होता. त्याची आई चहा घेऊन आली तेव्हा तिच्याकडे पाहून तो अगदी आदबीनं म्हणाला, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

तरी माझा ताठा गेला नाही. उलट त्याच महिन्यात मी एक लढत जिंकलो आणि सगळ्या पोरांसमोर व्यायामशाळेच्या मारुतीपुढे हात जोडून म्हणालो, "मारुतीराया, तुझ्याशिवाय कुणापुढे माझा गुडघा जमिनीला लागणार नाही." पोरांनी "बजरंग बली की जय" केलं. मला स्वतःलाच गहिवरून आलं. काकांनी मात्र हातातला टॉवेल खुंटीवर आपटला. म्हणाले, "तो तुझो ताठो. तेका देवाचा नाव कशाक देतंस?" मी मनात म्हटलं, म्हातारा जळतो. देवाला दिलेला शब्द म्हणजे मला काळ्या दगडावरची रेघ वाटत होती.

त्यानंतरची लढत अंधेरीला होती. सभांमुळे मैदान संध्याकाळी मिळेना, म्हणून भर दुपारी मांडव घालून रिंग उभी केलेली. माझ्यासमोर कालिन्याचा पीटर नावाचा ख्रिस्ती मुलगा होता. माझ्याच वयाचा, काटक, डाव्या हाताचा. पहिली फेरी माझी झाली. दुसरीत त्याचा डावा कधी आला ते मला दिसलंच नाही. दुखलं असंही नाही. फक्त सगळा आवाज बंद झाला.

ते कसं होतं हे नीट सांगता येत नाही. माणसं ओरडत होती, त्यांची तोंडं उघडलेली दिसत होती, पण आवाज नव्हता. उन्हाचा एक पट्टा मांडवाच्या फटीतून रिंगवर पडला होता आणि त्यात धूळ अगदी सावकाश वर जात होती. पाय होते, पण भिजवलेल्या कणकेचे. दोरांपलीकडे काका दोन्ही तळवे खाली दाबून "बस, बस" अशी खूण करत होते. मला सगळं समजत होतं. पीटर जवळ येतोय हे समजत होतं. उंबऱ्यावरचा तो मुलगा, त्याची मिटणारी मूठ, मुलुंडला वाट पाहणारी माझी आई, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. आणि तरीही मी स्वतःला म्हणालो, नाही, शब्द दिलाय. इतका मूर्ख होतो मी.

तेवढ्यात डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात पडला. रुंद, उबदार, जड हात. लहानपणी जेवायच्या वेळी हुंदडत असलो की आई खांदा दाबून पाटावर बसवायची, तसं त्यानं मला खाली बसवलं. तिळाच्या तेलाचा आणि शेंदराचा वास आला. गुडघा टेकला आणि त्याच क्षणी पीटरचा ठोसा केसांवरून गेला. त्याचा वारा मला लागला. अंगाला चोळलेलं तेल प्रत्येक मुलाच्या अंगावर असतं, हे मला कळतं. शेंदराचं मात्र मला अजून कळलेलं नाही. मागे वळून पाहिलं तर तिथे कुणी नव्हतं आणि मला रडू कोसळलं. शब्द मोडला, एवढंच डोक्यात होतं.

रेफरी मोजू लागला. वन, टू, आणि मग थांबला. नियम असा, की पाडणाऱ्यानं लांबच्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. तो जाईपर्यंत मोजणी थांबते. पीटर माझ्या डाव्या हाताच्या कोपऱ्याकडे निघाला खरा, पण तीन पावलं अलीकडेच थबकला. रेफरीनं बोट दाखवलं. पीटरनं मान हलवली. रेफरीनं त्याला दंडाला धरून ढकललं तेव्हा तो कोपऱ्यावरची नजर न काढता मागे मागे सरकला आणि उलट्या पावलांनी समोरच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. गादी बांधलेला खांब, ताणलेले दोर, खाली पाण्याचा एक ओघळ. बाकी काही नाही. मग रेफरीनं थ्री म्हटलं. काका पुढे म्हणाले की मधे दहाएक श्वास गेले असतील. त्या दहा श्वासांत माझे कान परत आले, पाय परत आले.

आठला मी उठलो आणि ठोसा न मारता पीटरला मिठी मारली. रेफरीनं सोडवलं, मी पुन्हा मारली. तो गार पडला होता आणि त्याचं सगळं अंग थरथरत होतं. मार मी खाल्लेला आणि थरथरतोय हा, हे मला विचित्र वाटलं. तिसरी फेरी आम्ही दोघांनी कशीबशी काढली आणि मी गुणांवर हरलो. काकांनी माझ्या डोळ्यांपुढे बोटं नाचवली, आईचं नाव विचारलं, कारखान्याचं विचारलं. मग टॉवेलात माझं डोकं धरून म्हणाले, "हरलस तर हरलस. घराक जावन आवशीक ओळखतलस, माका तेवढा पुरे."

मांडवामागच्या नळावर मी तोंड धूत होतो तेव्हा पीटर आला. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर औषधालाही नव्हता.

"यार, एक विचारू?" तो म्हणाला. "कोपऱ्यात तो म्हातारा कोण बसला होता रे?"

"कुठला म्हातारा?"

"मस्करी नको ना. तुझ्या डाव्या बाजूला. तुझ्यासारखाच, एक गुडघा टेकून. मी तिकडे गेलो तर माझ्याकडे बघितलं त्यानं. तोंडच नव्हतं रे त्याला. नाक नाही, तोंड नाही. नुसते डोळे, चांदीच्या रुपयासारखे." त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि माझ्या उत्तराची वाट न बघता निघून गेला.

पीटर आमच्या व्यायामशाळेत कधी आला नव्हता. आमचा मारुती फार जुना आहे. शेंदराचे थर चढून चढून त्याचं नाक-तोंड केव्हाच बुजून गेलंय. कुणा भक्तानं बसवलेले चांदीचे डोळे तेवढे चकाकतात. मी अंगात ताप असल्यासारखा घाटकोपरला पोहोचलो. दिवे लागले होते. गाभाऱ्यात पाय टाकायला मला भीती वाटली, हे लपवत नाही. ज्याच्यापुढे लहानपणापासून घंटा वाजवली त्याची भीती. मूर्ती नेहमीसारखीच होती. वीर मारुती, एक पाय पुढे, हात उगारलेला, ताठ उभा. बसलेला तो कधीच कुणी पाहिला नव्हता.

त्याला पाहिलं ते पीटरनं, मी नाही. इतक्या शनिवारांचं तेल माझं आणि दर्शन त्याला! याचं मला आधी वाईट वाटलं, थोडा रागही आला. मग हळूहळू लक्षात आलं, की मला वाचवायचं तर दिसायला हवं होतं ते त्यालाच; तो थबकला म्हणून तर मला ते दहा श्वास मिळाले. मला दिसला असता तर मी पुन्हा छाती फुगवून गावभर सांगत सुटलो असतो. माझी लाज वाटायची सोडून तो स्वतःच माझ्याबरोबर खाली बसला होता.

मोडलेल्या शब्दाची क्षमा मागायला म्हणून मी तिथे उभा होतो, पण ती मागितली नाही. कारण तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं, की तो शब्द मीच दिला होता. त्यानं कधी मागितलाच नव्हता.