सगुणाकाकीचा हातगुण

आमच्या दिवेआगरात नवी वाडी लावायची तर पहिलं रोप सगुणाकाकीच्या हातचं, हे ठरलेलं. तिचा हातगुण पंचक्रोशीत माहीत होता. पण काकी नुसता हात लावत नसे. आधी त्या जागेतल्या एखाद्या झाडाचं पान तोडून जिभेला लावायची. खारट लागलं की म्हणायची, "हितं पुढं उंडी लावा. वारा तिनं खायाचा, मंग मागं सुपारी." वाडी उभी राहिली की लोक खारा वारा अडवणारी उंडीची झाडं विसरत आणि हातगुणाचे गोडवे गात.

दोन हजार वीसच्या वादळात गावातल्या भिकूची वाडी भुईसपाट झाली. त्यानं ती विकली आणि त्या जागी, समुद्राला लागून, मुंबईच्या परेशशेठचा बंगला झाला. शेठनं हिमाचलातून सफरचंदाची चाळीस रोपं आणवली आणि ती लावायला काकीला बोलावलं. काकीनं कुंपणावरचं पान चाटलं आणि थुंकली.

"शेठ, ह्ये न्हाय जगायचं हितं. वाऱ्यात मीठ हाय."

"अहो सगुणाबाई, तुम्ही हात लावलात तर काठीलाही पालवी फुटते म्हणतात!"

इथेच काकी फसली. जिभेला खरं कळलं होतं, तरी तिनं हातावर भरवसा ठेवला. स्तुती कुणाला नको असते? चाळीस रोपं तिनं एकटीनं लावली.

होळीपर्यंत पानांच्या कडा करपल्या. अक्षयतृतीयेला नुसत्या काटक्या उरल्या. "बाईच्या हाताला यश नाही," असं शेठनं चार माणसांत सुनावलं आणि प्लास्टिकचं गवत अंथरून मोकळा झाला. काकीनं आधी बजावलं होतं, हे कुणी ऐकून घेईना. चाळीस काटक्या मात्र सगळ्यांना दिसल्या. बोलावणी बंद झाली. असल्या गावाची मला भयंकर चीड येते.

यंदा आम्ही वादळात पडलेल्या सुपारीच्या जागी नवी रोपं आणली. पहिलं रोप लावायला आईनं शेजारच्या तुळशीवहिनीला बोलावलं. काकी न बोलावताच आली आणि कुंपणाबाहेर थांबली.

"पान तेवढं चाटून बघू काय रं?" तिनं मला विचारलं. "रोपाला हात न्हाय लावत."

आईनं माझ्याकडे पाहिलं. गावावर एवढा चिडणारा मी, रोपांकडे बघत म्हणालो, "राहू दे काकी. आम्ही बघतो."

काकीनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ती निघून गेली.