केरू आणि गोळीचं काडतूस

तर विठू जांभळीवर आणि डुक्कर खाली, इथवर काल आलो होतो आणि चहा आला.

विठूने केलं होतं काय, तर पाखरं मारायचं बारीक छर्‍यांचं काडतूस रानडुकरावर उडवलं होतं. डुकराला ते कितीसं लागणार? मूठभर हरभरे फेकून मारावेत तेवढं. अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर, खाली राठ कातडं. जनावर मेलं नाही, नुसतं रागावलं, आणि विठू बंदूक टाकून झाडावर. ते आपलं खाली मुळं उकरत राहिलं. वरून विठू ओरडतोय, "केर्‍या, मार की. काय मुहूर्त काढतोस काय?"

केरू समोरच करवंदीच्या जाळीआड बसलेला. नळीत गोळीचं काडतूस, नेम धरलेला. पण मारीना. कारण डुकराच्या पलीकडे उतारावरून पायवाट जात होती, आणि वाडीतली येसूबाई पहाटे गवताला गेली होती ती परतली नव्हती. "तिला वर्दी पोचली नाय," एवढंच पुटपुटला. विठूने वरून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. केरू हलला नाही. शेवटी डुक्करच कंटाळून सरकलं, त्याच्या मागे वाटेऐवजी मातीची उभी दरड आली, तेव्हा एकच बार. पडलं. विठू खाली उतरला आणि पहिलं विचारलंन काय, तर "माझी बंदूक कुणी बघितलीत काय?"

वनखात्याचे कायदे कडक व्हायच्या आधीची ही गोष्ट. विठू आता नाही. केरू आहे, त्याचंच सांगतोय.

केरू गोताड म्हणजे आमच्या मंडणगडच्या डोंगरातल्या वरच्या वाडीचा. मी खालच्या वाडीतला. शाळेत आम्ही एकाच तरटावर बसलो. चौथीत गुरुजींनी विचारलं, "मोठेपणी कोण होणार?" केरू म्हणाला, "आमच्या बापाची बंदूक हाय, ती धरणार." गुरुजी म्हणाले, "मग तुला परीक्षेची गरज नाही." याने ते खरं धरलं आणि दुसर्‍या दिवसापासून आला नाही.

ती बंदूक एकनळी, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ठाण्यात जमा करावी लागते. केरू म्हणायचा, "आचारसंहिता लागली की पुढार्‍यांच्या आधी डुकरांना कळतं."

बंदुकीचं एक सांगतो, म्हणजे पुढचं ध्यानात येईल. छर्‍यांच्या काडतुसात बरेच छर्रे. ते पसरतात आणि थोड्या अंतरावर त्यांचा दम जातो. गोळीच्या काडतुसात शिशाची एकच गोळी, बोराएवढी. थोराड डुक्कर पाडायचं तर तीच हवी. पण चुकली, किंवा आरपार गेली, तर कुठे जाऊन थांबेल ते तिचं तिला माहीत. लोक जनावर बघून काडतूस निवडतात. केरू जनावराच्या पाठीमागे काय आहे ते बघून निवडायचा.

त्यासाठीच ती वर्दी. ज्या दिवशी बंदूक बाहेर काढायची, त्या दिवशी सकाळी केरू प्रत्येकाच्या दारापुढच्या खळ्यात उभा राहायचा आणि हाक द्यायचा, "आज मळ्याच्या अंगाला बंदूक हाय हो." आतून "ओ" आली पाहिजे. ओ आली की घरातल्यांना कळलं, ती माणसं त्या बाजूला फिरकणार नाहीत. ज्या घरातून ओ आली नाही, त्या घरातलं माणूस रानात कुठेतरी आहे आणि त्याला ठाऊक नाही, असं समजायचं. मग त्या घराच्या किंवा त्याच्या वाटेच्या बाजूला गोळी मारायची नाही. छर्रे चालतील. ही रीत त्याच्या बापाची, बापाला आजाने दिलेली.

स्वतःच्या घरालाही वर्दी द्यायचा तो. त्याची बायको सोनूबाई चुलीपाशी असायची. ती म्हणायची, "ओ. ऐकलं. आता डुकराला पण सांगून या, म्हणजे कुणी राहायला नको."

सोनूबाई देवाघरी गेली. त्याच्या आधीच वाडी हळूहळू रिकामी झाली होती. आधी बापये मुंबईला गेले, मग पोरांच्या शाळेच्या निमित्ताने बायका गेल्या, मग म्हातारी माणसं औषधपाण्यासाठी गेली ती तिकडचीच झाली. येसूबाई पोराकडे विरारला. गणपतीत आणि शिमग्याला कुलपं निघतात, वाडीत पाय ठेवायला जागा नसते, आणि विसर्जनाच्या दुसर्‍या दिवशी गाड्या सुटतात. संध्याकाळी मी खालून वर बघतो तर अख्ख्या वाडीत एकच धूर, केरूचा. एकदा मी गेलो तेव्हा रेडिओवर बातम्या लागत होत्या. बाई म्हणाली, "नमस्कार." हा पण हात जोडून म्हणाला, "नमस्कार." मी हसलो. तो म्हणाला, "हसतोस काय? दिवसात एक तरी माणूस बोलतंय."

वाडीतले मळे सगळे गवताला गेले, एकट्या केरूच्याच मळ्यात भात. त्यावरूनच गणपतीत गुरुप्रसादचं आणि त्याचं झालं. गुरुप्रसाद त्याचा मुलगा, भांडुपला असतो. पोरगा वाईट नाही. तो म्हणाला, "बाबा, या वर्षी भात घरात आलं तर राहा, मी अडवत नाय. नाय आलं तर दिवाळीला येतो आणि तुम्हाला घेऊन जातो. पडलात झडलात तर मला कळणार कसं? खालच्या आप्पांना तुमचा धूर दिसला नाय, तेव्हाच?" केरूने कबूल केलं. माझ्यासमोर केलं, आप्पा म्हणजे मीच.

भात लोंबीला आलं आणि डुक्कर लागलं. एकलंच, कळपातून फुटलेलं, पाठ माझ्या कमरेएवढी. नवरात्रात निम्मा मळा लोळवला. वनखात्याची परवानगी लागते, तिची खटपट गुरुप्रसादनेच मुंबईहून केली. विचार करा, ज्या भाताने बाप इकडे अडकणार, ते वाचवायला पोरगा धावला. परवानगी आली, मारलं तर पुरून टाकायचं या अटीवर.

मी सकाळी वर गेलो तेव्हा केरू पडवीत बसला होता. तळहातावर दोन काडतुसं, एक छर्‍यांचं, एक गोळीचं.

"यात विचार कसला?" मी म्हटलं. "छर्‍याने ते मरणार नाय. विठूचं डुक्कर आठव."

"विठूने पाखरांचे छर्रे घातले होते. हे मोठे हायत."

"मोठे असले तरी त्या धुडाला काय? गोळीच घाल. आता कुणाला लागणार हाय?"

टोपी घातलीन आणि खळ्यात उतरला. मला वाटलं, निघाला मळ्याकडे. तो वळला वाडीत. पहिल्या घरापुढे उभा राहिला. दाराला कुलूप, पायरीवर शेवाळ, खळ्यात गणपतीनंतर माजलेलं गुडघाभर रान. केरूने हाक दिली, "आज मळ्याच्या अंगाला बंदूक हाय हो." थांबला. पुढच्या घरी. तिथेही तसंच, थांबला. हाक देऊन माणूस आतून येईपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढा वेळ प्रत्येक दारापुढे. मी मागोमाग चाललो होतो.

येसूबाईच्या घरापुढे तो जरा जास्त थांबला. म्हणाला, "हिला कानाने कमी येतं."

मग आम्ही मळ्याच्या कडेला जाऊन बसलो. डुक्कर रोज ओढ्याकडून यायचं, आणि तिकडून आलं की त्याच्या मागे दरड. म्हणून केरूने नळीत गोळी घातली होती. ती घातलेली बघून मला बरं वाटलं. म्हटलं, चला, दिवाळीला फराळ इथेच.

ऊन कोवळं असताना ते आलं. पण ओढ्याकडून नाही, वरच्या अंगाने आलं आणि मळ्याच्या मधोमध आडवं उभं राहिलं. पूर्ण कूस समोर. याहून चांगला मोका शिकार्‍याला जन्मात मिळत नाही. केरूने बंदूक खांद्याला लावली. आणि मला दिसलं, डुकराच्या बरोबर पाठीमागे, उतारावर, येसूबाईचं घर. खळं, तुळस, दार, सगळं.

केरूने बंदूक खाली घेतली. नळी मोडून उघडली, गोळी काढून खिशात टाकली आणि छर्‍यांचं काडतूस घातलं. त्या खटक्याने डुकराने मान वर केली. बार झाला. माशा झटकाव्यात तसं त्याने अंग झटकलं, आमच्याकडे बघितलं आणि चालत गेलं. धावलं पण नाही.

मी चिडलो. "केरू, त्या घराला कुलूप हाय. किती पावसाळे झाले."

"ठाऊक हाय."

"मग?"

"तू ओ ऐकलीस?"

"कोण देणार ओ?"

"म्हणजे नाय ऐकलीस," तो म्हणाला, आणि रिकामं काडतूस काढून त्यात फुंकर मारत बसला.

डुक्कर दुसर्‍या दिवशी आलं, आणि मग रोजच. केरू रोज वर्दी देऊन बसला आणि डुक्कर रोज वरच्या अंगानेच आलं. उरलं होतं त्यातलं केरूने विळ्याने काढलं, ते एका टोपलीत मावलं.

गुरुप्रसाद दिवाळीला आला. मळा बघून आला. जेवणं झाल्यावर पडवीत माझ्याकडे बघत म्हणाला, "आप्पा, तुम्ही होतात ना तिथे? नेम चुकला?"

मी म्हटलं, "नेम नाय चुकला. काडतूस बदललं."

"का?"

मी केरूकडे बघितलं. केरू सुपारी कातरत होता. मग मीच सांगितलं, दारं, हाका, येसूबाईचं घर, सगळं. गुरुप्रसाद ऐकत राहिला. मग म्हणाला, "येसूकाकी आता येत नाय बाबा. तिला अंथरुणातून उठवत पण नाय. मी गेलो होतो बघायला." केरूचा अडकित्ता थांबला. मग परत चालू झाला.

"ठरलं होतं तसं करायचं ना?" गुरुप्रसादने हळूच विचारलं. "उद्या बंदूक ठाण्यात जमा करू, परवा सकाळच्या गाडीने निघू. येताय ना?"

केरूने सुपारीची चिमूट माझ्या हातावर ठेवली, पोराच्या हातावर ठेवली, आणि म्हणाला, "येतो. पण बंदूक जमा केली की मला जरा वाडीत सोड. दारादाराशी जाऊन सांगायला लागेल, आता बंदूक नाय, कुठल्या पण अंगाने या."