पडद्याजवळचा कोपरा

मला भूत लागलं आहे. आणि गंमत अशी की ज्या माणसाचं भूत, तो सिंधुदुर्गात ठणठणीत जिवंत आहे. रोज सकाळी तो मला मोबाइलवर जास्वंदीचं फूल पाठवतो, खाली लिहितो, ‘शुभ सकाळ वैनी.’ मेलेल्या माणसाचं भूत निदान अमावस्या-पौर्णिमा पाळतं. हे रोज येतं, चहाच्या आधी.

मी नाटकवाली बाई. मस्कतमधल्या आमच्या मंडळात वीस वर्षं गणपतीची नाटकं बसवते आहे. नवरा कंपनीत, मुलगी अभ्यासात, आणि मी भाड्याच्या हॉलमध्ये हिशेबनिसांना शहाजीराजे आणि दंतवैद्यांना राक्षस बनवत असते. माझी भुवई उडाली की पन्नास माणसं गप्प होतात, असा माझा लौकिक आहे. तो मीच पसरवला आहे.

या वीस वर्षांतली सतरा वर्षं पडदा भाऊंनी ओढला. भाऊ माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत स्टोअरकीपर. मंडळाच्या सतरंज्या, माइक, वायरी, समया, सगळं त्यांच्या ताब्यात. केळीची पानं हवीत म्हटलं की पहाटे उठून खाबुराच्या बागांतून गाडीभर पानं घेऊन येणार. कार्यक्रम संपला, लोक फोटो काढायला मंचावर चढले, की हे मागच्या बाजूला पडद्याची दोरी गुंडाळत बसलेले. मंडळाच्या एकाही फोटोत भाऊ नाहीत. मी शोधून पाहिलं आहे.

त्यांच्या पगारात बायकोला इथे ठेवण्याचा व्हिसा बसत नव्हता. पंचवीस वर्षं ती तिकडे, हे इकडे चौघांच्या खोलीत. एकदा तालमीनंतर दोरी गुंडाळता गुंडाळता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, खाली बघत, जशी काही दोरीलाच सांगत होते.

“वैनी, पुढच्या वर्षी मी खलास. कायमचा घरी जातंय. त्याच्या आधी एकदा अध्यक्ष व्हायचा आसा.”

“तुम्ही? भाऊ, भाषण करावं लागतं!”

“ता करीन. पण अध्यक्षाची बायको पुढच्या सोफ्यार बसता ना? म्हणजे तिका गणपतीत व्हिजिटवर आणतंय. एकदा बसांदे. मगे सलालाहाक नेतंय, माड दाखवूक.”

कोकणातल्या बाईला माड दाखवायला विमानाने ओमानला आणायचं! मी इतकी हसले की खुर्चीवरून पडायची बाकी होते. मग त्यांच्या हाताला हात लावून म्हटलं, “झालंच समजा.” नाटकवाल्यांना वचनं फार सोपी जातात.

आता आमच्याकडचं राजकारण. दर दोन वर्षांनी मंडळाची निवडणूक, दोन गट, प्रत्येक गटाचा अध्यक्षपदाला एक उमेदवार. आमच्या गटाचा उमेदवार कसा ठरायचा? चार वजनदार पुरुष कोणाच्या तरी घरी बिर्याणी खायचे, हात धुऊन बाहेर यायचे आणि नाव सांगायचे. त्या वर्षी मी बंड केलं. म्हटलं, बिर्याणी पुरे. गटातले सगळे मिळून ठरवू.

“बरा झाला,” भाऊ म्हणाले. “चिठी टाकूया वैनी. घडी घातली की कोणाचा नाव ता कोणाक कळना नाय.”

मी एवढ्यावर थांबले असते तर आज रात्री सरळ झोपले असते. पण मस्कतच्या अल हैल भागात आमच्या शेजारी तेव्हा एक अमेरिकन शिक्षिका राहत होती, आयोवा राज्यातली. तिच्याकडून मी त्यांच्या उमेदवारीच्या गोष्टी अशा ऐकल्या होत्या की जणू काही माझ्या माहेरच्याच. तिकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक पुढे होते, पण त्याआधी प्रत्येक पक्ष आपला एक उमेदवार निवडतो, राज्याराज्यांतून. बहुतेक राज्यांत प्रायमरी: केंद्रावर जा, गुपचूप मत द्या, घरी या. म्हणजे भाऊंची चिठीच. पण तिच्या राज्यात असायचा कॉकस. हिवाळ्यात, बर्फातून, गावातले लोक शाळेच्या व्यायामशाळेत जमायचे आणि तिच्या पक्षात चक्क उभे राहायचे. या उमेदवाराचे लोक या कोपऱ्यात, त्याचे त्या कोपऱ्यात, न ठरलेले मध्ये. डोकी मोजायची. ज्या कोपऱ्यात शंभरात पंधराही नाहीत, तो कोपरा मोडायचा; त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं. मग ओढाओढ, “इकडे ये, माझ्याकडे बिस्किटं आहेत!” शेजाऱ्याने शेजाऱ्याला हाताला धरून न्यायचं. शेवटी कोपऱ्यांच्या मापाने प्रतिनिधी ठरायचे आणि ते पुढे वरच्या सभांना जायचे.

अहो, हे तर नाटक! प्रवेश, निर्गमन, गर्दीचं दृश्य, सगळं तयार. चिठीत काय आहे? कागद.

“भाऊ, चिठी नको,” मी म्हटलं. “कॉकस करू. तुमच्यासाठी मी असा सीन बसवते की बघत राहाल.”

भाऊ म्हणाले, “उघड्यार उभा रवाचा?”

“उघड्यावरच तर मजा!”

“बरा,” ते म्हणाले. “तुमी म्हणतास तर.”

शुक्रवारी दुपारी अल हैलच्या एका व्हिलातल्या मोठ्या हॉलमध्ये गटाची चाळीस माणसं जमली. मी नियम मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावले होते. सहापेक्षा कमी माणसं असलेला कोपरा मोडेल, घंटी वाजल्यावर. घंटी पूजेतली. उमेदवार दोन: भाऊ आणि साहेब. साहेब म्हणजे माझ्या नवऱ्याच्या कंपनीतले मॅनेजर. माणूस वाईट नाही. हसरा, वर्गणीत सढळ. फक्त चाळीसातली निम्मी माणसं सकाळी त्यांना ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणत होती, आणि उरलेल्यांपैकी काहींचे भाऊ-मेव्हणे त्यांच्याकडे नोकरीला लागायचे होते. हे मला ठाऊक नव्हतं का? पुरेपूर ठाऊक होतं. पण मी दिग्दर्शिका होते, आणि दिग्दर्शिकेला वाटतं की नट तिने आखून दिलेल्या जागीच उभे राहतात. त्याआधीच्या आठवड्यात पंचवीस जणांनी मला कानात सांगितलं होतं, “आमचं भाऊंनाच.” कानात. हा शब्द मी तेव्हा नीट ऐकायला हवा होता.

साहेब एसीखाली उभे राहिले. भाऊ मागच्या कोपऱ्यात, जिथे मंडळाचा घडी केलेला मखमली पडदा ठेवला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात मोजे. त्यांना मोज्यांत मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी दोन्ही हात वर करून अरबीत म्हटलं, “यल्ला! चला!”

एसीखाली भराभर माणसं गेली. माझा नवराही. मध्ये गालिचावर न ठरलेले. भाऊंच्या कोपऱ्यात त्यांच्या खोलीतले तिघे आले, एक सुतार आला, मी आणि ते स्वतः. बरोबर सहा! मी टाळी वाजवली. पंधरा मिनिटं मन वळवायला होती, आणि मध्ये अजून बरेच लोक होते.

तेवढ्यात साहेबांनी हसत मोबाइल काढला. “अरे, हिस्टॉरिकल आहे हे. प्रत्येक कॉर्नरचा फोटो काढतो, ग्रुपवर टाकू.”

त्यांच्या मनात काही नव्हतं, आजही मी तसंच धरून चालते. पण मोबाइल आमच्या कोपऱ्याकडे वळला आणि सुतार म्हणाला, “पाणी पिऊन येतो.” पाणी एसीच्या बाजूला होतं. तो प्यायला, आणि तिथेच उभा राहिला. मग खोलीतल्या तिघांपैकी एकाला फोन आला. फोन वाजलेला मी ऐकला नाही. राहिलेले दोघे एकमेकांकडे बघून बरोबरच गेले, भाऊंच्या पाठीमागून, म्हणजे त्यांना दिसू नये म्हणून. मधला गालिचाही रिकामा होत होता. कोणी पळालं नाही, कोणी ढकललं नाही. अगदी हळू. भरती ओसरताना वाळू उघडी पडते तशी फरशी उघडी पडत गेली.

“काय हो भाऊ,” एसीखालून एकजण ओरडला, “पडदा राखताय काय?”

सगळे हसले. भाऊही हसले. “राखूक होयो. महाग आसा तो.”

कोपऱ्यात आम्ही दोघं. मी समोर पाहिलं. माझा नवरा माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, खुणावलंही नाही. हातात चहाचा रिकामा कप, आणि नुसता बघत होता. त्याच महिन्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुन्हा व्हायचं होतं. पुढच्या वर्षी मुलीची बारावी होती. वीस वर्षांत तो एकदाही मला म्हणाला नाही की अमुक करू नकोस. तेव्हाही म्हणाला नाही.

आणि मला, तुमच्या या हुशार बाईला, एक सुंदर निमित्त सुचलं.

“वेळ संपत आला,” मी मोठ्याने म्हटलं. “मोजायला हवं.”

“मोजा वैनी,” भाऊ म्हणाले.

मोजायचं तर कोपऱ्यातून बाहेर यायला हवं ना? मी आले. गालिचा ओलांडला. एसीखाली जाऊन एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजलं, आणि मोजत मोजत नवऱ्याच्या शेजारी पोचले, तिथेच थांबले. अडतीस. मी धरून एकोणचाळीस. मग वळले आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

“एक.”

माझा आवाज चांगला लागतो. शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तोही गेला.

घंटी मीच वाजवली. आणि मीच केलेल्या नियमाने कोपरा मोडला. मोडलेल्या कोपऱ्यातल्याने दुसरीकडे जायचं होतं. कोणीतरी म्हणालं, “राहू दे, समजलं.” पण भाऊ म्हणाले, “नियम तो नियम,” आणि मोज्यांत, आवाज न करता, सगळा गालिचा चालत आले. साहेबांनी पाठ थोपटली. भाऊ सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. त्या फोटोत आमचे सगळे चेहरे आहेत. भाऊ नाहीत.

पुढच्या महिन्यात मंडळाची खरी निवडणूक झाली. चिठ्ठ्यांनी, घडी घालून. आमचे साहेब पडले. मोजणीला मी होते. चार चिठ्ठ्या बाद झाल्या, कारण त्यांवर छापलेली दोन नावं सोडून खाली हाताने तिसरं नाव लिहिलं होतं. त्यातली एक माझी. दुसरीवरचं अक्षर मी वीस वर्षं किराण्याच्या यादीत वाचत आले आहे. घरी आल्यावर आम्ही त्यावर बोललो नाही. अजून बोललेलो नाही.

त्या गणपतीत भाऊंनी नेहमीसारखा पडदा ओढला. पुढच्या सोफ्यावर दुसऱ्याच कोणाची बायको बसली होती. मार्चमध्ये ते गेले. माझी ती अमेरिकन शेजारीणही नंतर गेली. फोनवर तिने सांगितलं की तिच्या पक्षाने तो उभं राहायचा प्रकार तिकडे बंद केला, आता टपालाने मतं घेतात. मी म्हटलं, “बरं झालं.” तिला वाटलं मी विनोद करते आहे.

तेव्हापासून हे सुरू आहे. तालमीत तिसरा अंक संपला की मी ओरडते, “भाऊ, पडदा!” आणि नव्या माणसाचा हात दोरीवर थबकतो. त्या व्हिलात हळदीकुंकवाला जाते तेव्हा त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसते, आणि पाठीला कळतं की तिथे कोणीतरी मोज्यांत उभं आहे. घाई नाही त्याला. मोजा वैनी, म्हणतो.

मागच्या महिन्यात धीर करून मी फोन लावला. माफी मागायची होती. संवाद लिहून काढले होते, तीनदा म्हणून बघितले होते. फोन त्यांच्या बायकोने उचलला. आम्ही कधी बोललो नव्हतो. मी कोण ते सांगितल्यावर ती एकदम मोठ्याने बोलायला लागली, आवाज ओमानपर्यंत पोचायचा होता म्हणून.

“वैनी काय? अगो बाय माझे! तुमका कधीचा सांगूचा होता. ह्यांनी सगळा सांगल्यानी माका. सगळे गेले, पण तुमी एकट्याच शेवटपर्यंत ह्यांच्या कोपऱ्यात उभ्या रवलात. कोण रवता ओ आजकाल?”

मागे कोंबड्या ओरडत होत्या. मग भाऊंचा आवाज आला, लांबून, “कोण गो?”

“तुमच्या वैनी!”

ती पुन्हा फोनवर आली. “रवलात ना ओ शेवटपर्यंत?”

माझे कागद समोर होते. सगळे संवाद, मोठ्या अक्षरांत.

“हो,” मी म्हटलं. “राहिले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, जास्वंद आली.