भिंतीकडे तोंड करणाऱ्या ओळी

शेजारचे निवृत्त उर्दू शिक्षक आणि मी, दोघेही पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांच्या घरी पणजोबांपासून आलेली एक फारसी हस्तलिखित प्रत आहे. ताटातूट होऊन झुरत मेलेल्या दोन प्रेमिकांचे काव्य, आणि त्याच पानांवर त्यांची चित्रे. शिवण उसवून पाने विस्कटली होती. शिक्षकांची दृष्टी गेलेली.

"पानंच लागत नाहीत ते पुस्तक कसलं? चित्रं फ्रेम करून घेऊ," असे त्यांचे चिरंजीव म्हणाले. म्हणजे चित्रामागच्या ओळी कायमच्या भिंतीकडे तोंड करून राहणार. शब्दापासून अर्थ तोडू नये, हे मी आयुष्यभर संस्कृतच्या वर्गात शिकवले.

"ईदपर्यंत थांब. पाने मी लावतो," मी त्यांना म्हणालो.

फारसी मला येत नव्हती. सकाळची पूजा आटोपून बसलो आणि चित्रांच्या आधाराने पाने पोथीसारखी रचली. मग शिक्षकांना क्रम सांगू लागलो: वाळवंटात हरणांच्या सोबतीने बसलेला तरुण, कबरीवर कोसळलेला तोच, आणि शेवटी पाठशाळेत शेजारी बसलेली दोन बालके.

शिक्षक हसता हसता खोकू लागले. "पंडितजी, मरे सो लोगां कू मदरसे में बिठा दिए की तुम! वो तो बचपन का पन्ना है, सबसे पहला!"

मला त्यात काहीच विपरीत वाटले नव्हते. पुढल्या जन्मी भेटले, असे मी समजलो होतो.

मग त्यांनी खूण सांगितली. पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, पुढील पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो, तो जुळवायचा. त्यासाठी अक्षरे शिकणे आले. मी पाटी घेतली.

"अहो, संध्येची पळी वाळली नाही तोच अलिफ-बे?" आमच्या घरातून टोमणा आला.

"वाळू दे," म्हणालो आणि भिंग पुसले.

ईदच्या आदल्या दुपारी चिरंजीव मोजपट्टी घेऊन आले, तेव्हा आम्ही वाचीत होतो. पानाचा पहिला शब्द मी अडखळत उच्चारावा, पुढचे शिक्षकांनी मुखोद्गत म्हणावे. एका पानापाशी ते थांबले. "आता चित्र सांगा."

"ती तंबूच्या दारात. तो साखळदंडात. दोघांच्या मधल्या जागेत दोन ओळी लिहिल्या आहेत."

"त्या ओळी त्यानं तिला म्हटल्यात," शिक्षक म्हणाले, आणि त्या म्हणून दाखवल्या.

चिरंजीव पानावर वाकून बराच वेळ ती जागा पाहत राहिले. मग मोजपट्टी गुंडाळून खिशात ठेवली.

"चाचा, बांधणीला कापड कोणतं आणू?"