नास्तिक मामांचा पानमळा

मळ्यात शिरताना लोकांना चपला काढायला लावणारा नास्तिक मी एकच पाहिला. ते आमचे मळेवाले मामा, आईचे चुलतभाऊ. अकोटकडच्या त्यांच्या गावात पानमळ्याला देवळासारखं जपत. मामा देव मानत नव्हते, तरी त्यांच्या मळ्याच्या कुडाच्या दाराबाहेरही चपलांची रांग असे. कुणी डिवचलं, "काहून रे, देव नाई ना तुले? मंग चपला कायले काढाच्या?" की ते म्हणत, "चपलेले दुसऱ्याच्या मळ्यातली माती असते. मातीत रोग असते. त्यात देवाचं काय काम?"

प्रत्येक नियम ते असा सोलून बघत. कारण सापडलं तर नियम ठेवायचा, नाही सापडलं तर "पाहू" म्हणायचं.

मी अमरावतीला इंग्रजी शाळेत होते. देव नाही असं म्हणणं हाही एक विश्वासच आहे, असं आमच्या बाई म्हणाल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुटीत मी धीर करून ते मामांना सांगितलं. मामा पानांच्या जुड्या बांधत होते.

"बरोबर असतीन तुह्या बाई. पन मी नाई कुठी म्हनतो? मले दिसला नाई म्हनतो. दिसला तर कारड टाकीन तुले."

त्याच सुटीत मळ्यात मर रोग शिरला. वेली बुडाशी काळ्या पडून माना टाकू लागल्या. मामांचं घर त्या मळ्यावर चालत होतं. आणि आठवडाभर आधी मी मळ्यात जाऊन आले होते, जायला नको होतं त्या दिवसांत. बाईचा विटाळ झाला की पानवेल जळते, असं तिथं सगळेच मानत. मामी माहेरी गेली होती, दुसऱ्या कुणाला सांगायची मला लाज वाटली, म्हणून सगळ्यांबरोबर मीही पानं खुडायला गेले होते.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी मामांना गोठ्यापाशी एकटं गाठून सांगितलं.  मामा म्हणाले, "वेलीले कसं कळलं असन?" ते माझी समजूत घालत नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"दहा ओळी अजून चांगल्या हायेत," ते म्हणाले. "पुढच्या खेपेले त्यातल्या पाचात चालजो. कोनत्या, ते मले सांगू नोको. कळलं तर माहा हात त्यायले पानी कमी-जास्त देईन."

माझी पुढची पाळी आली त्या सकाळी त्यांनी मळ्याच्या दाराची दोरी सोडली, पण दार काही लवकर उघडलं नाही.

"मामा, भीती वाटते?"

"वाटते ना वं. लहानपनापासून आयकलं हाय. भेव हाय म्हनून तं पाहाचं."

मी पाच ओळी चालले. शाळेला परतायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी पाहिलं. दहांतल्या सहा गेल्या होत्या. तीन मी चाललेल्या, तीन न चाललेल्या. मामा मेलेल्या वेलींपाशी बसले.

"तुह्यानं नाई झालं, पोरी."

"मग देव नाही, हेही ठरलं?"

"एवढ्यानं? ते अलग पाहा लागन."

संध्याकाळी शेजारचे लोक ओसरीवर आले. मी दाराआड उभी होते. "पाह्य, देव नाई म्हननाऱ्याचा मळा बसला! आता तरी नारळ फोड, बापा," एक म्हातारा म्हणाला.

"पानी जास्त झालं. मुळं सडली," मामा म्हणाले.

"तुह्या मळ्यात विटाळ कोन पाळते? त्या विटाळानं नाई गेला, याचा पुरावा हाय तुह्यापाशी?"

त्यांनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाई," म्हणाले.

ज्याच्या त्याच्याकडे पुरावा मागणाऱ्या माणसानं असं म्हटल्यावर ओसरी हसली. त्यानंतर गावानं त्यांचं काही मनावर घेतलं नाही. देव न मानणं हा त्यांचा नुसता हट्ट आहे, असं ठरून गेलं. मळा पुन्हा उभा राहिला नाही. मामा दुसऱ्याच्या शेतावर राबले आणि मागच्या वर्षी गेले. माझं नाव त्यांनी मामीलाही सांगितलं नव्हतं.

हे गावात कुणी वाचलं तर वाचो. पुरावा होता. त्या ओळींतून मी चालले होते.