ताटामागचा चेहरा

माझी धाकटी जाऊ सुमती फेसबुकवरच्या एका पाककृतींच्या ग्रुपवर आपले पदार्थ टाकते. फोटोत फक्त ताट असायचं. तिच्या ओठांभोवती आणि डोळ्याखाली कोड आहे, त्यामुळे घरच्या लग्नातही ती फोटोच्या वेळी मागच्या रांगेत सरकते. तिच्या अळूवड्यांवर मात्र कुठल्या कुठल्या गावच्या बायका जीव टाकायच्या.

मग बायका एकमेकींचे फोटो चोरू लागल्या आणि ग्रुपवर नियम निघाला, की पदार्थासोबत स्वतःचा चेहरा दिसलाच पाहिजे. सुमतीने काही दिवस ग्रुपवर काहीच टाकलं नाही. एका दुपारी फणसाची भाजी घेऊन माझ्याकडे आली.

"ताई, तुम्ही धरा ना ताट."

"अगं, तूच उभी राहा. कोण काय म्हणणार आहे?"

"तुम्हाला नाही कळायचं ते."

मी ताट धरलं आणि तिने फोटो काढून ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी ती मला कौतुक वाचून दाखवत होती. "सुमतीताई, किती प्रसन्न चेहरा! अशाच असाल असं वाटलंच होतं." वाचता वाचता तिने फोन पालथा ठेवला. माणूस लपलं तरी त्याची जागा निदान रिकामी असते. तिची ती जागाही आता मी भरून टाकली होती.

काल तिने पुरणपोळ्या केल्या. मी म्हटलं, "आज तरी खरं सांगून टाक."

"आता कसं सांगू, ताई? त्यांच्यासाठी मी अशीच दिसते."

एवढं बोलून तिने माझ्या खांद्यावरचा पदर सारखा केला, आरशात बघून स्वतःचा करावा तसा.